स्वतःचा मेल सर्व्हर: उभारणी एका रविवारची, राखण रोजची

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. ऐकताना निसटतील असे आकडे इथे नीट लिहून दिले आहेत.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. स्वतःचा ईमेल सर्व्हर. म्हणजे डोमेन आपलं, मशीन आपल्या ताब्यातलं, आणि मेल आपल्याच डिस्कवर. हे जमतं का? किती अवघड आहे? आणि करावं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देतो: जमतं, आणि वाटतं तितकं अवघड नाही. तिसऱ्याचं उत्तर शेवटी, कारण ते प्रत्येकाचं वेगळं येतं.

आधी माझी एक फजिती ऐका.

माझा आतेभाऊ कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवतो. मी तेव्हा घरच्यांसाठी मेल सर्व्हर चालवत होतो. तो म्हणाला, "दादा, मला पण कंपनीच्या नावाचा मेल पाहिजे. माणशी महिन्याला पैसे भरत बसायचं नाही." मी म्हटलं, त्यात काय, रविवारी करून टाकू. रविवारी संध्याकाळी झालंसुद्धा. माझ्या मेलवरून त्याला, त्याच्या मेलवरून मला, दोन्हीकडे पोहोचलं. दोघंही खूश.

तीन आठवड्यांनी त्यानं चाकणच्या एका गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवलं. उत्तर नाही. आठ दिवसांनी फोन केला तर पलीकडून म्हणाले, "तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्ही काम दुसऱ्याला दिलं." शोधल्यावर सापडलं. त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये.

मी लॉग उघडून पाहिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: २५०. मेलच्या भाषेत २५० म्हणजे "मिळालं, घेतलं". माझ्या सर्व्हरच्या दृष्टीनं काम फत्ते झालं होतं. भावाची ऑर्डर मात्र गेली होती.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मेल पाठवणं आपल्या हातात आहे. तो माणसाच्या डोळ्यांपुढे येणार की नाही, हे समोरचा सर्व्हर ठरवतो. त्या सर्व्हरला आपल्याबद्दल खात्री वाटावी, यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

मेल जातो कसा?

थोडं मागे जाऊ. दोन वेगळ्या संगणकांमध्ये नेटवर्कवरून मेल पाठवण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. पत्त्यात मधे ते "ॲट"चं चिन्ह घालायची कल्पनाही त्यांचीच. मेल कसा द्यायचा-घ्यायचा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्याला एसएमटीपी म्हणतात, आणि आजही मेल त्याच पायावर चालतो. त्या काळी नेटवर्कवर मोजकी मंडळी होती, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. म्हणून "मी अमुक बोलतोय" असं म्हटलं की समोरचा ते खरं मानायचा. ओळख पटवायची सोय त्या नियमांत नव्हतीच. ती नंतर वरून जोडली गेली, तुकड्यातुकड्यानं. आपली निम्मी डोकेदुखी इथून येते.

आता प्रवास बघा. समजा तुम्ही "एक्झाम्पल डॉट कॉम"वर मेल पाठवलात. (हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, म्हणून तेच घेतो.) तुमचा सर्व्हर डीएनएसला विचारतो, या डोमेनचे मेल कोण घेतं? उत्तरात जे रेकॉर्ड येतं त्याला एमएक्स म्हणतात. मग तुमचा सर्व्हर त्या मशीनच्या २५ नंबरच्या पोर्टवर जातो आणि मेल हवाली करतो. सर्व्हर ते सर्व्हर बोलणं होतं ते २५ वर. तुमचा फोन किंवा लॅपटॉप आपल्या सर्व्हरला मेल देतो तो ५८७ किंवा ४६५ वर, पासवर्ड दाखवून. आणि आलेले मेल वाचतो ते ९९३ वरून. एवढे चार आकडे लक्षात ठेवलेत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

घरी ठेवायचा की भाड्यानं घ्यायचा?

पहिला मोह असतो, घरी जुना पीसी पडलाय, त्यावरच करू. शिकण्यासाठी जरूर करा. पण खरे मेल पाठवायला घरचं ब्रॉडबँड चालत नाही. त्याची कारणं तीन.

एक, घरच्या कनेक्शनचा आयपी पत्ता बहुधा बदलता असतो. कित्येकदा तर तो शेकडो गिऱ्हाइकांत वाटून दिलेला असतो, म्हणजे बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत कुणाला येताच येत नाही. दोन, बऱ्याच कंपन्या घरगुती कनेक्शनवर २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. तीन, स्पॅमहाउस ही संस्था पीबीएल नावाची एक यादी चालवते. जिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही अशा आयपी पत्त्यांची ही यादी, आणि घरगुती पत्ते त्यात मोठ्या प्रमाणावर असतात. जगभरचे सर्व्हर ही यादी बघतात आणि दारातूनच परत पाठवतात. यात तुमचा काही गुन्हा नसतो. व्हायरस लागलेल्या घरगुती पीसींवरून इतका स्पॅम सुटतो की सरसकट दार लावणं त्यांना परवडतं.

म्हणून बहुतेक जण भाड्याचा सर्व्हर घेतात, ज्याला व्हीपीएस म्हणतात. तिथे पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. पहिला: २५ नंबरचं पोर्ट बाहेर जायला उघडं आहे का? ॲमेझॉनच्या क्लाउडवर ते सुरुवातीला बंद असतं, कारण सांगून अर्ज करावा लागतो. गूगल क्लाउडही बाहेरच्या पत्त्यांकडे जाणारं २५ अडवतो. दुसरा प्रश्न: रिव्हर्स डीएनएस मला बदलता येईल का?

हा दुसरा प्रश्न समजून घ्या, कारण माझी माती इथेच झाली होती. सोसायटीतल्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. दारावर "जोशी" अशी पाटी तुम्ही स्वतः लावू शकता. पण सेक्रेटरीच्या रजिस्टरमध्ये त्या फ्लॅटसमोर कुणाचं नाव आहे, ते तुमच्या पाटीनं बदलत नाही. डोमेनचं रेकॉर्ड ही तुमची पाटी: हे नाव या आयपीवर राहतं. रिव्हर्स डीएनएस, म्हणजेच पीटीआर रेकॉर्ड, हे रजिस्टर: या आयपीवर हे नाव राहतं. ते आयपीच्या मालकाकडे, म्हणजे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याकडे असतं. समोरचा सर्व्हर पाटी आणि रजिस्टर दोन्ही ताडून बघतो. भावाच्या सर्व्हरची पाटी मी झकास लावली होती, पण रजिस्टरात कंपनीनं आपोआप दिलेलं आकड्यांचं नाव तसंच राहिलं होतं. कंट्रोल पॅनलमध्ये एका चौकटीत नाव भरायचं होतं, पाच मिनिटांचं काम, आणि ते राहून गेलं.

याच जातीचा आणखी एक खड्डा म्हणजे आयपीव्ही६. नव्या सर्व्हरला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते मिळतात. तुम्ही पीटीआर फक्त पहिल्याचं लावता, आणि सर्व्हर जीमेलकडे जातो दुसऱ्या वाटेनं. मेल परत. एक तर दोन्ही पत्त्यांचं पीटीआर लावा, नाहीतर मेल फक्त आयपीव्ही४ वरून पाठवायची सेटिंग करा.

आत काय काय बसवायचं?

कामं तीन, त्यामुळे मुख्य प्रोग्रामही तीन. मेल देणं-घेणं पोस्टफिक्स करतो. विएत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना तो लिहिला, १९९८ पासून तो सगळ्यांना खुला आहे. आलेले मेल नीट ठेवणं आणि फोनला दाखवणं हे डोव्हकॉटचं काम. आणि स्पॅम ओळखायला आरस्पॅमडी. तिन्ही फुकट, तिन्ही मुक्त.

हे सगळं हातानं जोडायचं नसेल तर तयार संच मिळतात. मेल-इन-अ-बॉक्स, मेलकाऊ, आयरेडमेल ही त्यातली नावं. मेल-इन-अ-बॉक्स रिकाम्या उबंटू सर्व्हरवर बसवायचा, तो डीएनएससकट सगळं सांभाळतो आणि काय चुकलंय ते एका पानावर दाखवतो. मेलकाऊ दिसायला देखणा, पण त्याला निदान ६ जीबी रॅम द्यावी लागते. पहिल्यांदाच करणाऱ्यानं तयार संच घ्यावा असं माझं मत. पण तो नुसता चालवू नका, आत कुठला भाग काय करतो ते एकदा वाचून ठेवा. बिघडेल तेव्हा लॉग पोस्टफिक्सच्याच भाषेत बोलणार आहे.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. पोस्टफिक्समध्ये मेलच्या आकाराची मर्यादा मुळात सुमारे १० एमबी असते. आणि जोडलेली फाइल मेलमधून जाताना जवळपास एक तृतीयांशानं फुगते, कारण ती अक्षरांत बदलून पाठवावी लागते. म्हणजे कुणी ८ एमबीचा स्कॅन केलेला सातबारा पाठवला की तो दारातून परत जाणार. मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

ओळखीची तीन कागदपत्रं

आता एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. ही नावं ऐकून लोक घाबरतात. तिन्ही म्हणजे डीएनएसमध्ये टाकायच्या काही ओळी आहेत, बाकी काही नाही.

एसपीएफ सांगतो, आमच्या डोमेनचे मेल कुठल्या मशीनवरून येऊ शकतात. साध्या भाषेत, आमचे पोस्टमन हे हे, बाकी कुणी आमच्या नावानं आला तर तो आमचा नाही. यात एक नियम लक्षात ठेवा: हे रेकॉर्ड तपासताना जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसकडे चौकशी करायची मुभा असते. न्यूजलेटरची सेवा, बिलिंगची सेवा, अशी एकेक भर घालत गेलात की दहाचा आकडा ओलांडतो आणि सगळी तपासणीच फसते.

डीकिम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर स्वतःच्या गुप्त किल्लीनं सही करतो, आणि ती पडताळायची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. वाटेत मजकूर बदलला तर मोहोर तुटते. इथला नेहमीचा घोळ असा: २०४८ बिटांची किल्ली लांबलचक असते, आणि डीएनएसमधल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. किल्ली दोन तुकड्यांत द्यावी लागते. काही डोमेन कंपन्यांची पॅनलं हे आपोआप करतात, काही मुकाट्यानं शेपूट कापतात. रेकॉर्ड टाकल्यावर ते बाहेरून वाचून बघा.

मग दोन्ही कशाला हवेत? कारण फॉरवर्डिंग. कुणी आपला कॉलेजचा पत्ता जीमेलवर वळवलेला असतो. तुमचा मेल आधी कॉलेजच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून जीमेलला. जीमेलला दिसतो कॉलेजचा पोस्टमन, म्हणून एसपीएफ नापास होतो. मोहोर मात्र शाबूत असते, म्हणून डीकिम पास होतो.

तिसरा डीमार्क. तो समोरच्याला सांगतो की आमच्या नावाचा मेल या तपासणीत बसला नाही तर काय करायचं: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा घेऊच नका. सुरुवात पहिल्यापासूनच करा. डीमार्कमध्ये एक पत्ता देता येतो, त्यावर मोठ्या कंपन्या रोज अहवाल पाठवतात की तुमच्या नावानं कुठकुठून मेल आले. काही आठवडे ते वाचा, आपलीच एखादी विसरलेली वेबसाइट मेल पाठवताना सापडते. मग नियम कडक करा.

पूर्वी हे "असलं तर बरं" असं होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम बांधले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे झाले. आपल्यासारख्या छोट्यांनाही जीमेलला मेल पाठवायचा तर एसपीएफ किंवा डीकिम, जुळणारं पीटीआर आणि टीएलएस, म्हणजे वाटेतलं कुलूप, लागतंच. ओळख पटली नाही तर जीमेल ५५० ५.७.२६ असा कोड देऊन मेल परत करतो. मेलमध्ये ४ नं सुरू होणारा कोड म्हणजे "आत्ता नको, नंतर ये". ५ नं सुरू होणारा म्हणजे "येऊ नकोस".

पहिला महिना

सगळं लावून झालं की स्वतःलाच मेल पाठवून खूश होऊ नका. मी तेच केलं होतं. जीमेल, आउटलुक, याहू, आणि जमल्यास एखाद्या कंपनीचा पत्ता, अशा वेगवेगळ्या ठिकाणी पाठवा. जीमेलमध्ये मेल उघडून "मूळ दाखवा" म्हटलं की वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क पास की नापास ते दिसतं. पलीकडे बसलेल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा: इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये? २५० चा आकडा याचं उत्तर देत नाही.

भाड्याच्या आयपीला आधीच्या भाडेकरूचा इतिहास असतो. तो स्पॅम पाठवून गेला असेल तर शेजारी तुमच्याकडेही संशयानं बघणार. म्हणून आयपी मिळाल्या दिवशीच स्पॅमहाउसच्या साइटवर तो तपासा. यादीत असेल आणि निघत नसेल तर सरळ दुसरा आयपी मागा. आणि नव्या सर्व्हरवरून पहिल्याच दिवशी तीनशे लोकांना लग्नपत्रिका पाठवू नका! चार मेल, दहा मेल, त्यांना आलेली उत्तरं, अशी हळूहळू ओळख वाढू द्या.

आता एक असा दोष, जो शोधायला मला अख्खी रात्र लागली होती. आपला सर्व्हरही स्पॅमहाउसला विचारतो, हा पाठवणारा तुमच्या यादीत आहे का? पण ती चौकशी गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत गेली, तर स्पॅमहाउस उत्तराऐवजी "या वाटेनं विचारू नका" असा कोड देतं. सेटिंग कच्ची असेल तर आपला सर्व्हर तो कोड "हो, यादीत आहे" असा वाचतो आणि भले-बुरे सगळेच मेल परत पाठवतो. उपाय सोपा आहे. त्याच मशीनवर अनबाउंड नावाचा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा.

रोजची राखण

आता खरं काम. उभारणीचे लेख ढिगानं मिळतात, राखणीबद्दल फार कमी लोक लिहितात.

अपडेट. सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे, तेव्हा सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील अशी सोय पहिल्या दिवशी करा. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग नावाचा दोष जाहीर झाला. एका मेलच्या पोटात दुसरा, खोट्या नावाचा मेल लपवून पाठवता येत होता. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल, सगळ्यांनाच दुरुस्ती करावी लागली. अशा वेळी सर्व्हर उभा करून विसरलेला माणूस अडकतो.

पासवर्ड. लॉग उघडलात की दिसेल, कुठून कुठून लोक दिवसरात्र पासवर्ड चाचपत असतात. फेल-टू-बॅन बसवा, तो सतत चुकणाऱ्याला काही काळ अडवतो. आणि घरच्या प्रत्येकाचा पासवर्ड लांब ठेवा. एक जरी फुटला तरी रात्रीतून हजारो स्पॅम तुमच्या नावानं जातात, आणि महिनाभर कमावलेली पत एका रात्रीत जाते.

सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं. आजवर त्याची मुदत ९० दिवसांची असायची, आता ती आणखी कमी होत चालली आहे. नूतनीकरण आपोआप होतं. पण नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं तरी डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स जुनंच घेऊन बसलेले असतात. त्यांना ते पुन्हा वाचायला सांगणारी एक ओळ नूतनीकरणाला जोडून ठेवा. नाहीतर एका सकाळी घरातले सगळे फोन लाल चौकट दाखवतात, आणि आई विचारते, "अरे, आपला मेल हॅक झाला का रे?"

डिस्क आणि रांग. डिस्क भरली की मेल येणं थांबतं. आणि न गेलेल्या मेलची रांग अचानक वाढली तर काहीतरी गडबड आहे, हे ओळखा. या दोन्हींची सूचना मिळायची सोय करा. फक्त ती सूचना त्याच सर्व्हरवरच्या मेलवर मागवू नका. आग लागलेल्या घरातल्या लँडलाइनवर फोन करून काय उपयोग?

बॅकअप. मेलची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर. डीकिमची गुप्त किल्ली आणि सेटिंगच्या फाइलीही त्यात हव्यात. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या बॅकअपवरून रिकाम्या मशीनवर सर्व्हर उभा करून बघा. उभा राहिला तरच त्याला बॅकअप म्हणायचं.

सर्व्हर बंद पडला तर?

सगळ्यांना ही भीती वाटते, आणि दिलासाही इथेच आहे. सर्व्हर रात्री दोनला पडला तर त्या वेळी येणारे मेल हरवत नाहीत. मेल पोहोचवता आला नाही तर पाठवणाऱ्या सर्व्हरनं तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, आणि निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असं मानकच सांगतं. पोस्टफिक्सही मुळात पाच दिवस थांबतो. म्हणजे सकाळी चहा पिऊन दुरुस्त केलात तरी चालतं. अपवाद ओटीपीचा. तो उशिरा आला काय आणि न आला काय, सारखंच. काही रचनांमध्ये अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम "थोड्या वेळानं ये" म्हणतात, त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. स्पॅम कमी होतो, पण बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येतो. घरी वडीलधारी मंडळी मेलवर ओटीपी घेत असतील तर ही सेटिंग विचार करून ठेवा.

खरी भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगा: डोमेनची मुदत. मेल हा आपल्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. बँक, आयकर, विमा, "पासवर्ड विसरलात?" दाबलं की सगळं मेलवर येतं. डोमेनचे पैसे भरायचे राहिले आणि ते दुसऱ्या कुणी विकत घेतलं, तर तो जुडगा त्याच्या हातात जातो. डोमेन बरीच वर्षं पुढचं भरून ठेवा, आणि डोमेन कंपनीकडच्या खात्याला वेगळा, बाहेरचा मेल पत्ता द्या. स्वतःच्याच डोमेनचा दिलात तर डोमेन बंद पडल्यावर त्याची सूचनाही बंद दारामागेच पडून राहील.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एक: "पत्ता देवनागरीत करता येतो का?" येतो. डॉट भारत ही डोमेनं २०१४ पासून मिळतात, आणि पोस्टफिक्सच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, असे पत्ते चालतात. जीमेलही अशा पत्त्यांशी मेलची देवाणघेवाण करतो. पण बऱ्याच वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तो पत्ता "चुकीचा" ठरतो, आणि जुने सर्व्हर तो घेत नाहीत. म्हणून जोडीला एक रोमन पत्ता ठेवाच.

दोन: "मधला मार्ग आहे का?" आहे, दोन आहेत. पहिला, येणारे मेल स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायचे आणि जाणारे एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवायचे. तुमचा साठा तुमच्याकडे राहतो, आणि आयपीच्या पतीची काळजी त्यांची. दुसरा, डोमेन आपलं घ्यायचं आणि मेल चालवायला एखाद्या सेवेला द्यायचा. सेवा आवडली नाही तर एमएक्स बदलायचा, जुने मेल आयमॅपसिंकनं उचलायचे आणि निघायचं. पत्ता तोच राहतो.

मग करावं का?

माझं उत्तर असं. डोमेन प्रत्येकानं घ्यावं. पत्ता आपल्या मालकीचा असणं हा यातला सगळ्यात मोठा फायदा, आणि तो सर्व्हर न चालवताही मिळतो. सर्व्हर त्यानं चालवावा ज्याला हे शिकायचं आहे, ज्याला आठवड्याला अर्धा तास लॉग बघायचा कंटाळा नाही, आणि ज्याच्या घरात आणखी एका माणसाला किल्ल्या कुठे आहेत ते माहीत आहे. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. मी आजारी पडलो तर काय, म्हणून बायकोसाठी दोन पानं साध्या मराठीत लिहून कपाटात ठेवली आहेत: डोमेन कुठे आहे, पैसे कधी भरायचे, सर्व्हर बंद करून मेल दुसरीकडे कसे न्यायचे.

आतेभावाचं काय झालं? त्याचं डोमेन तेच ठेवलं आणि मेल एका सेवेकडे दिला. आता माणशी पैसे भरतो. परवा म्हणाला, "दादा, महिन्याचे पैसे जातात, पण एका कोटेशनपुढे ते काहीच नाहीत." बरोबर आहे त्याचं. त्याचा धंदा मशीनचा आहे, मेलचा नाही. घरच्यांचा सर्व्हर मात्र मी अजून चालवतो. पीटीआर आता नीट आहे. आणि कुणाला महत्त्वाचा मेल पाठवला की वर एक फोनही करतो, "मिळाला का हो?" म्हणून.

तुम्ही करून बघितलंत तर कुठे अडलात ते नक्की कळवा. अडण्याच्या गोष्टींचा एक वेगळा भाग करू. तोपर्यंत बॅकअप घ्या, आणि डोमेनची तारीख आजच बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात!